आईचा आवाज आणि डॅकची डबी

अल् घुब्रा, गुरुवार संध्याकाळ, २०१६

आईचा आजचा व्हॉइस मेसेज फार हळू ऐकू आला. हे म्हणाले, "अगं, फोन आणि हेडफोनच्या मधली ती डॅकची डबी गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते, आपला आपणच ठरवते. आई ठणठणीत आहे." रत्नागिरीहून वहिनीही तेच म्हणते, ठणठणीत. आखातातल्या माणसांना घरची दुखणी उशिराच कळवतात. बाबांच्या वेळीही तसंच झालं.

म्हणून ऑटो गेन बंद केला, आवाज एकाच आकड्यावर ठेवला. गेल्या महिन्यातलं "जेवलीस का गं?" खणखणीत. आजचं "जेवलीस का गं?" पुसट. तिनं फोन लांब धरला असेल? पण तिचा श्वास तर अगदी कानाशी ऐकू येतो.

डबीचा दोष नाही. वहिनीला आता काही विचारत नाही, तिकीटच काढते.