लांब हनुवटीचा राजा

अण्णा, तुमच्या दुकानातल्या त्या लांब हनुवटीच्या राजाचा पत्ता मला लागला. मिरजेत फोटोवरून माणसांची चित्रं काढायचात त्या दुकानात, गणपतीच्या तसबिरीखाली, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं ते चित्र तुम्ही खिळ्याने ठोकलं होतं. ते कुणी काढलं, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. इथे परदेशात, पासिर रिसच्या लायब्ररीत एका जाड इंग्रजी पुस्तकात तो अचानक समोर आला आणि मी उभ्याउभ्याच ‘अगं बाई’ म्हणाले. पुस्तक घरी आणलं, डिक्शनरी शेजारी ठेवून सावकाश वाचलं.

तो स्पेनचा राजा, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. चित्रकार तरुणपणी त्याच्या दरबारात आला तो शेवटपर्यंत त्याच्याच चाकरीत राहिला. राजवाड्याची कामंही त्याच्याच गळ्यात: कुणाला कुठली खोली द्यायची, प्रवासात मुक्काम कुठे करायचा. राजकन्येच्या लग्नाची व्यवस्था बघून दमून परत आला आणि थोड्याच दिवसांत गेला. या धबडग्यात चित्रं मोजकीच झाली. पण राजाचा चेहरा त्याने पुन्हा पुन्हा काढला, दोघं बरोबरच म्हातारे झाले, आणि हनुवटी एकदाही आखूड केली नाही. दरबारात लोकांना हसवायला ठेवलेली बुटकी माणसंही त्याने राजाइतकीच मन लावून काढली. हे वाचताना तुम्ही शेजारी हवे होता.

अजून डोळ्यांसमोर आहे: तुमच्याकडे वकिलांचा मुलगा वारलेल्या आईचा फोटो घेऊन आलाय. “डोळा जरा तिरळा आहे, तेवढा सरळ काढा.” तुम्ही ब्रश पुसत म्हणता, “काढतो की. पण मग घरात शेजारीण टांगल्यासारखं होईल.” तो चिडून निघतो आणि पायरीवरून परत येतो. “असू दे. आहे तशीच काढा.”

मला बघायला हे आले तेव्हाही तुम्ही त्यांच्याकडे चित्र काढायला बसल्यासारखे बघत होता. ह्यांच्या ओठाखाली कोडाचा डाग. आत्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “पोह्यांवर खोबरं घालू नका गं, नाही म्हणून उठवायचंच आहे त्यांना.” मीही नको म्हणाले. पाहुणे गेल्यावर तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा आवाज चढवलात. “तू डाग बघितलास. माणूस कुठं बघितलास? परवा पुन्हा बोलावतो. बघ, आणि मग नाही म्हण.” ते पुन्हा आले तेव्हा मी बघितलं. आत्याने मुद्दाम तिखटजाळ केलेले पोहे हे घाम पुसत, हसत हसत संपवत होते. त्या हसण्यावर माझा सगळा संसार झाला, अण्णा. मिरजेतही आणि इथेही.

हे जाऊन आता वर्ष होईल. वर्षश्राद्धासाठी लेकीने ह्यांचा मोठा फोटो करून आणला. बघते तर डागच नाही. “ॲपने काढला, आई. किती फ्रेश दिसतात ना बाबा?” तिने प्रेमानेच केलं. पण हाच फोटो भिंतीवर राहणार, धाकटी नात आजोबांना ह्याच्यावरूनच ओळखणार. मी म्हटलं, “हे तुझे बाबा नाहीत. शेजारच्या ब्लॉकमधले कुणी अंकल आहेत.”

ती रागावली. “सगळे येणार त्या दिवशी. लोक विचारतील ना!”

“विचारू देत. मी सांगेन.”

ती आत निघून गेली. थोड्या वेळाने आली ती मोठ्या नातीची रंगपेटी घेऊन. ती माझ्यापुढे ठेवली.

नुसता पांढरा कातडीवर चुन्यासारखा दिसतो, कणभर पिवळा आणि कणभर तांबडा घालायचा, हे तुम्ही शिकवलेलं हाताला आठवत होतं. फोटोतल्या ह्यांच्या हनुवटीकडे बराच वेळ बघत बसले, मग ब्रश टेकवला. लेक पाठीशी उभी होती. “हां,” ती म्हणाली, “आता बाबा.” आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून रडली.

तुम्ही गेलात तिथे टपाल जात नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. ब्रश जरा जास्त टेकला, अण्णा. डाग होता त्यापेक्षा थोडा मोठा झालाय. पुसता आला असता. मी तसाच ठेवलाय.