चिकटलेली पानं

माय,

तुझी पणती कानात ती बोंडं खुपसून फोनवर कादंबऱ्या ऐकते. काल मला विचारत होती, "आजी, ऐकायला चांगलं काय आहे, सांग ना." मी म्हटलं, पुस्तकाचं नंतर बघू, वाचतंय कोण ते आधी सांग. ती हसली. तिने तुझा आवाज ऐकलेला नाही, तिला काय कळणार? म्हणून तुलाच लिहायला बसले.

इंग्रज जायच्या आधीचे ते धरणगावचे उन्हाळे. वैशाखातली आखाजी जवळ आली, लेकींचे माहेरी यायचे दिवस आले की गल्लीतल्या बाया दुपारी आपल्या ओसरीवर उडदाचे पापड लाटायला जमत. वाचता येणारी तू एकटीच. म्हणून तुझ्या वाटचे पापड बाकीच्या लाटायच्या आणि तू वाचायचीस. पुस्तकातली शुद्ध भाषा तुझ्या तोंडून आपल्या बोलीतच उतरायची. तुझी नजर पानावर कमी, बायांच्या हातांवर जास्त. गोष्टीतली सासू भांडायला उठली की लाटणी जोरात चालायची, पापड फाटायचे. मग तू लगेच नदी, बाग, चांदणं काढायचीस. त्यातलं किती चांदणं छापलेलं आणि किती तुझ्या पदरचं, देव जाणे!

शेजारच्या अक्काचा एका कादंबरीतल्या नायिकेवर फार जीव. सासरी छळलेली ती पोर शेवटी माहेरी येते, असं तू आदल्या उन्हाळ्यात वाचलं होतंस. अक्काने हट्टाने तेच पुस्तक पुन्हा वाचायला लावलं. तिची स्वतःची लेक तीन आखाजी माहेरी आली नव्हती. सासरचे पाठवतच नव्हते.

नेमका शेवट आला त्या दिवशी तुझा घसा बसला आणि पुस्तक माझ्या हाती आलं. दहा वर्षांची मी, शाळेत पहिली येणारी. छापलंय तसं खणखणीत वाचत सुटले. पुस्तकात नायिका विहिरीत उडी घेते आणि संपते. मी तेही खणखणीत वाचलं. लाटणी थांबली.

"मरी गयी का वं ती?" अक्काने विचारलं.

चुलीपाशी हळदीचं दूध घेत होतीस, तशीच उठून आलीस. "पानं चिकटेल शेतस. पोरनी मधलं वाचंच नही," म्हणत पुस्तक ओढून घेतलंस आणि त्या घोगऱ्या आवाजात नायिकेला विहिरीतून वर काढलंस, गाडीत बसवलंस, माहेरी पोचवलंस. मी तुझ्या खांद्यावरून बघतेय, पानावर त्यातलं एक अक्षर नाही! माय, तुझा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी तू पाण्याला गेलेली. अक्का मला म्हणाली, "माले दखाड ती पानं." तिला वाचता येत नव्हतं, पण पानं सुटी आहेत हे बोटांना कळलंच असतं. मी पुस्तक आणायला आत गेले, उडदाचं ओलं पीठ दोन पानांत फासलं आणि दाबून धरलं. अक्काने पानं चाचपली आणि निवांत लाटायला बसली.

पुस्तक वाचनालयात परत करायला निघालीस तेव्हा तुला ते दिसलं. "पुस्तकले पीठ लाई टाकं! वाचाले दिधं व्हतं का लाट्या कराले?" आणि पाठीत धपाटा.

लेक त्या आखाजीला आली नाही. पुढच्या आखाजीला आली, कडेवर पोर घेऊन. अक्का गल्लीभर सांगत सुटली, "पुस्तकमा व्हतंच ते!" तू माझ्याकडे बघून हसलीस, मीही हसले, पण पिठाचं तेवढं सांगितलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी कुठली? राहू दे वहीतच. धपाटा चांगलाच लागला होता, माय. पीठ चुकून नव्हतं लागलं.