ताकाचा भाव

जळगाव, एप्रिल १९९१

प्रिय धुरपदा,

सडा टाकून, चुलीवर पाणी ठेवून मी तांब्या घेऊन तुझ्या दारात उभी, आणि तू रवी थांबवून म्हणतेस, "आज ताक पातय शे, राग नको मानू व माय." पातळ म्हणायचीस, तरी तांब्या काठोकाठ भरून द्यायचीस. घरी येते तर हे भाकरीवर मिठाची चिमूट ठेवून वाट बघत बसलेले. ते गेले आणि मी इथं लेकाकडे, मगनकडे, राहायला आले, त्याला तीन वर्षं झाली. अजून सकाळी माझा हात दोन ताटांकडे जातो.

मगन पाइपच्या कारखान्यात कायम झाला. सून पुष्पा जीव लावते. पण आधी दोन खोल्यांचं भाडं, मग पोट. गावात आपण विकत काय घ्यायचो? मीठ, चहा, रॉकेल. इथं कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत. किराण्याच्या पुडीच्या कागदावर मी वाचलं, शहर जेवढं मोठं तेवढी महागाई जास्त, कारण जागा कमी आणि सगळं लांबून आणावं लागतं. मला ते पटलं. पारोळ्याची मेथीची जुडी इथं येईपर्यंत बारीक होते. मगन हसतो. "आई, मुंबईला तर खाट टाकायचंही भाडं पडतं," म्हणतो.

मागे एकदा दूध उरलं म्हणून विरजण लावलं आणि ताक केलं. सवयीनं तांब्याभर शेजारच्या लताबाईंना नेऊन दिलं. त्या चाळीसगावच्या, स्वभावानं मोकळ्या. त्यांनी विचारलं, "मावशी, काय भाव?" मी म्हटलं, "अहो, दूध विकतात. ताक विकलं तर म्हैस आटते!" त्याही हसल्या. पण तांब्या परत आला तेव्हा आत नाणी. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांनाही ठाऊक होतं. गुळाच्या खड्याच्या जागी पैसे टाकले, एवढंच. नंतर म्हणाल्या, "फुकट घेतलं की तुमच्यासमोर यायला जड जातं हो." मला राग नाही आला. पण त्यानंतर मी ताक घेऊन कुणाच्या दारात गेले नाही.

हे सगळं तुला का लिहिते, ते तुला कळलं असेल. रविवारी तुझा दीर रतिलाल आला. पाकीट पुढे करून म्हणाला, "अक्का, तुमच्या अंगणात म्हैस बांधतो ना, त्याचं भाडं. वहिनीनं दिलंय." महिनाअखेर आहे. पुष्पानं पाकिटाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. धुरपदा, मी गावातून गेले असं तू कधी ठरवलंस गं? घराची किल्ली मी तुझ्याकडे ठेवली तेव्हा तू म्हणाली होतीस, "बठ्ठं तुन्हंच शे." सगळं माझंच, तर मग भाडं कसलं? भाडं घेतलं तर मी तुझी घरमालकीण होईन. मला शेजारीणच राहू दे.

रतिलाल मुक्कामाला होता. सोमवारी सकाळी मी त्याच्या पिशवीत तुझं पाकीट परत ठेवलं, आणि त्याच्या शेजारी ताकासाठी तुझ्या दारात आणायचे तो माझा तांब्या, रिकामा.

तुझीच,
सुगंधा