कलम अठ्ठेचाळीस आणि चार पाळणे

लाखनी,
रविवार, ता. १३ डिसेंबर १९८१

तीर्थरूप मनकर्णाआत्यास,

सत्यभामाचा वाकून नमस्कार. साष्टांग लिहीत नाही, कारण या खोलीत साष्टांग घालण्याइतकी सलग मोकळी जमीन उरलेली नाही, आणि जे करता येत नाही ते पत्रात लिहू नये असे मला वाटते. तुझा गुडघा कसा आहे? दादाच्या बिऱ्हाडाच्या पायऱ्या त्रेपन्न आहेत (दिवाळीत मोजल्या, एकोणिसावी बाकीच्यांपेक्षा इंचभर उंच आहे, तिथे जपून). दादाचा मुलगा शाळेत जाऊ लागला म्हणजे दुपारी तुला थोडी सवड मिळत असेल. वहिनीच्या बाळंतपणासाठी तू सहा आठवडे म्हणून अमरावतीला गेलीस, त्याला ऑगस्टात चार वर्षे झाली. हे आपले नोंद म्हणून. माझी प्रकृती चांगली आहे. खाणावळीची भाजी पातळ असते, पण असते. मला इथे कशाचीही उणीव नाही.

गेले तीन आठवडे पत्र लिहिले नाही त्याचे कारण कायदा. गोपाळरावांच्या राईस मिलमध्ये माझी नेमणूक बॉयलर आणि यंत्रे बघायला झाली आहे, पण डिप्लोमा झालेली व्यक्ती कोणताही कागद वाचू शकते अशी मालकांची समजूत आहे. कारखाना निरीक्षक दहा तारखेला येणार अशी कुणकुण लागताच त्यांनी कारखाने अधिनियमाचे पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले (पुस्तक कोरे करकरीत होते, फक्त एका पानावर चहाच्या कपाचे वर्तुळ) आणि म्हणाले, "वाचा न काय काय पाहिजे ते सांगा. फक्त खर्चाचं सांगू नका." मी वाचले. आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या हव्यात, त्या होत्या. त्यांतल्या एकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. अंड्यांना आणखी सहा दिवस हवे होते आणि निरीक्षकाला चार, म्हणून त्या बादलीच्या जागी मी दुसरी टांगली आणि कोंबडीला कोंड्याच्या खोलीत हलवले. प्रथमोपचाराच्या पेटीत मुनीम बाबुलाल यांचा तंबाखू निघाला. तो जखमेवर चालतो असे त्यांचे म्हणणे पडले. असो. हे सगळे दुरुस्त होण्यासारखे होते.

घोटाळा हजेरीत निघाला. आमच्याकडे उसना तांदूळ होतो, म्हणजे धान आधी वाफवून मग अंगणात वाळवतात, आणि ते पसरण्या-उलटण्याचे काम सगळे बायांचे. हजेरीपटावर त्या तीस. मी अंगणात उभी राहून नाव पुकारत गेले, आणि "तेजराम" म्हटल्यावर एका बाईने "हाजर" म्हटले. तेजरामच्या कडेवर आठ महिन्यांचे मूल होते. तिचे खरे नाव बेबीबाई. तेजराम तिचा नवरा, तो नागपूरला बांधकामावर असतो. बाबुलाल यांना विचारले तर ते मुळीच गडबडले नाहीत. म्हणाले, "हाजर आहे ना तेजराम? मंग कामाशी काम ठेवा ना मॅडम." कारण मला रात्री पुस्तकात सापडले: तीसच्या वर बाया झाल्या की कलम अठ्ठेचाळीसप्रमाणे मालकाला पाळणाघर काढावे लागते. एकतिसावी बाई आली, की पुरुष होऊन यायची.

मी गोपाळरावांना सांगितले की बाया एकतीस आहेत. त्यांनी सुचवले की बेबीबाईला काढावे. "एका बाईपायी पाळणाघर! तिले काढून टाका, खतम बात. मी मिल चालवून राहिलो का लेकरं सांभाळून राहिलो?" मी म्हटले, बॉयलरचा दाब जास्त दिसला म्हणून काटा काढून ठेवत नाहीत. (बॉयलरला ते भितात; दृष्टांत निवडताना मी हे लक्षात घेतले होते.) शेवटी त्यांनी बारदान, म्हणजे रिकामी पोती, ठेवायची खोली मोकळी करून दिली. ती बारा बाय पंधरा आहे, म्हणजे नियमाने एका मुलामागे वीस चौरस फूट धरले तर नऊ मुले; आमची सात. शहापूरच्या सुताराने चार पाळणे करून दिले, सागवानी, मापात.

आणि इथे माझ्या हातून चूक झाली. कड्या घासतात का ते बघायला मी प्रत्येक पाळणा आधी रिकामा हालवला, मग नऊ किलो धानाची पिशवी ठेवून हालवला. यंत्र आधी रिकामे फिरवायचे आणि मग भार द्यायचा, हे तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवतात. रिकामा पाळणा हालवायचा नसतो, हे तिथे शिकवत नाहीत. ते तू घरी नक्की शिकवले असशील, पण मी तेव्हा बहुधा पाळण्याच्या कडीकडे बघत असेन. दारात शेवंताबाई उभ्या होत्या. त्या बायांमध्ये वडील, आणि त्यांच्या शब्दाला मालकांपेक्षा वजन. "काहून वो मॅडम, रिकामा पाळणा हालवून राहिल्या? लेकरायवर बला आणता काय? अन् वरतून धान झोपवलं त्याच्यात!" झाले. दुसऱ्या दिवसापासून एकही बाई त्या खोलीच्या सावलीला येईना. मुले पूर्वीसारखी अंगणात, लुगड्याच्या झोळीत, वाफेच्या नळापासून सात फुटांवर. निरीक्षकाला उरले दोन दिवस.

मी शेवंताबाईंकडे जाऊन सरळ विचारले की यावर दुरुस्ती काय. त्या म्हणाल्या की पाळण्यात रीतसर बारसे झाले पाहिजे, म्हणजे दोष जातो. मूलही हाताशी होते. बेबीबाईच्या मुलीचे बारसे झालेच नव्हते. तिला सगळे बुटी म्हणत. पाळणाघराच्या नोंदवहीत 'मुलाचे नाव' असा रकाना आहे आणि तो मला कोराच ठेवावा लागला होता, म्हणजे रीत आणि कायदा दोघांचेही एकच म्हणणे पडले (असे क्वचित होते). अडचण एवढीच की नाव आत्या ठेवते आणि तेजरामला बहीण नाही. एकतीस बाया माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटले, मी कशी, माझे तर लग्नही नाही. शेवंताबाई म्हणाल्या, "आत्या व्हाले लगन नाही लागत, मॅडम. भाचा-भाची लागते."

मुहूर्त गुरुवारी सकाळी साडेनऊचा निघाला, निरीक्षक दुपारी येणार म्हणून. मी पाळण्याशी वाकले. मुलीच्या कानाला वाफवलेल्या धानाचा वास येत होता. मला उगाच आपली आंधळगावची बालवाडी आठवली. तिथे तुला इतर मुलांसारखे 'बाई' म्हणायचे असा तुझा नियम होता, आणि बारा वाजता फाटकाबाहेर पाऊल पडले की 'आत्या' म्हणायची परवानगी. मी चार वर्षांची होते आणि मला घड्याळ कळत होते ते केवळ त्यामुळे. तर मी नाव कानात सांगितले (कोणते ते पुढे लिहिते), आणि रीतीप्रमाणे बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. किती ते सांगता येत नाही. या पत्रात न मोजलेली तेवढी एकच गोष्ट. धान पसरणाऱ्या हातांची ताकद मी कमी धरली होती. त्याच वेळी दारात निरीक्षक साहेब उभे राहिले, साडेतीन तास लवकर. त्यांना दिसले ते असे: कारखान्यातील एकमेव तांत्रिक कर्मचारी ओणवी, आणि एकतीस महिला कामगार तिला मारत आहेत. त्यांनी गोपाळरावांना गंभीरपणे विचारले, "हा संप आहे की अपघात? दोन्हींचे नमुने वेगळे आहेत." शेवंताबाईंनी त्यांच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण दिला आणि म्हणाल्या, "बसा ना साहेब, बारसं आहे."

ते बसले. पाळणे हालवून पाहिले (भरलेले), दूध पाहिले, खोली फुटपट्टीने मोजली. मग शेरा लिहिला: सर्व ठीक, मात्र पाळणाघरासाठी बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेली स्त्री नेमलेली नाही. मुदत, दहा जानेवारी. गोपाळराव मला म्हणाले, अशी बाई नागपूरहून लाखनीला कोण येते? न आली तर पाळणाघर बंद, आणि अकरा तारखेपासून बाया परत तीस. बेबीबाई हे ऐकत होती. मुलीला घेऊन ती धान उलटायला गेली. त्या दिवशी मुलगी तिने पुन्हा झोळीत ठेवली.

बाकी सर्व ठीक. दादाला व वहिनीला नमस्कार, लहानग्याला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
सत्यभामा

ता. क. १ : सोबत एक अर्ज आहे. तुझे नाव, जन्मतारीख, भंडाऱ्याला घेतलेले बालवाडीचे प्रशिक्षण आणि अठरा वर्षांचा अनुभव मी भरला आहे. फक्त सही तुझी हवी. दादाला मी बोलावले असे सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. कायद्याने बोलावले असे सांग. ते खोटे नाही.

ता. क. २ : माझी खोली तळमजल्यावर आहे. पायऱ्या शून्य, उंबरा चार इंच. साष्टांगाला जागा नाही ती दुसऱ्या खाटेमुळे. खाट मी जूनमध्ये घेतली. कायद्याचे पुस्तक नोव्हेंबरात वाचले. हा क्रम तू विचारशील म्हणून आधीच लिहिते.

ता. क. ३ : मुलीचे नाव राहिले. मनकर्णा ठेवले. आता अंगणातून कोणी ना कोणी तिला हाक मारत असते, दिवसातून सरासरी अकरा वेळा, आणि दर वेळी मी मागे वळून बघते. फिरत्या पट्ट्याजवळ उभे असताना हे धोक्याचे आहे. वर 'कशाचीही उणीव नाही' असे लिहिले आहे, ते वाक्य खोडून वाचावे.