हात न उगारणारा नवरा

ता. ९, मंगळवार

बबडे,

आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरी आहे. तुझं पत्र वाचून डोकं फिरलं, म्हणून कामावरून आल्या आल्या लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तो नवरा-बायकोचा सिनेमा तुम्ही बघितलात. तू लिहितेस, ह्यांना आवडला नाही, हे म्हणतात पेपरात लिहिलंय तेच खरं, उगाच काहीतरी दाखवलंय. अगं, साबणाच्या जाहिरातीला रडणारी तू! आणि मी विचारलं होतं तुला आवडला का. ह्यांना नव्हे.

आमच्या थेटरात तोच लागलाय. खेळ सुटला की झाडायचं, म्हणून आम्ही बायका आधीच झाडू घेऊन दाराशी उभ्या असतो. त्यामुळे प्रत्येक सिनेमाचा शेवट मला पाठ, सुरुवातीचा पत्ता नाही. हा मात्र सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून अख्खा बघितला. तिकीटवाला म्हणाला, मावशी, स्वतःच्या स्वयंपाकघरात कोणी पैसे देऊन जेवतं का?

पेपर तोच वाचून दाखवतो. एक म्हणतो, असा सिनेमा होणे नाही. दुसरा म्हणतो, झोप आली. तिसऱ्याने लिहिलंय, नवरा एकदाही हात उगारत नाही, आवाज चढवत नाही, मग बायको घाबरते कशाला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तिचे कपडे निवडतो, तिचा फोन स्वतःच्या खिशात ठेवतो, चारचौघांत हसून सांगतो की हिच्या काही लक्षातच राहत नाही हो. शेवटी तिलाही तसंच वाटायला लागतं. आणि म्हणे मारत नाही.

खेळ सुटल्यावर पुरुष मोठमोठ्याने बोलत जातात, भंकस आहे म्हणतात. बायका मात्र बाथरूममध्ये येतात आणि नळ सोडून नुसत्या उभ्या राहतात. काल एकीला मी म्हटलं, बाई, पाणी वाया चाललंय. तर म्हणाली, "ते बाहेर उभे आहेत. तोंड जरा नीट करून जाते." मग मी फरशी पुसायला घेतली.

मलाही सगळा पटला नाही. शेवटी ती त्याला जिन्यावरून ढकलते. कशाला? मधे तिची बहीण आलेली असते की. ही दार अर्धं उघडून सांगते, सगळं छान आहे, तू जा. आणि ती बावळट जाते! मी खुर्चीतून ओरडले, मागच्याने गप्प बसवलं.

बबडे, गेल्या खेपेला तूही मला दारातूनच वाटेला लावलंस. ह्यांना बरं नाही, झोपलेत म्हणालीस. आत शीळ ऐकू येत होती.

जावईबापू, हे पत्र आधी तुम्हीच फोडणार, ठाऊक आहे मला. हल्ली तिच्या पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्य नसतं, नुसतं हे म्हणतात, हे म्हणतात. तेव्हा नीट वाचा. मी येणार आहे. कधी ते लिहीत नाही, नाहीतर कुलूप लावून तिला घेऊन कुठेतरी जाल. तिला राहायचं असेल तर तसं ती मला सांगेल, पण खाली रस्त्यावर येऊन, तुम्ही शेजारी नसताना. मग मी गुमान परत फिरेन. दार उघडलं नाहीत, तर जिन्यात बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला का बसले ते सांगेन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

बबडे, माझी खोली लहान आहे, पण दोन अंथरुणं पडतात. पिशवी भरून ठेवू नकोस. नुसत्या चपला घालून ये.

हे तुझ्या हाती पडलं तर उत्तर लिहीत बसू नकोस. नाही पडलं तरी मी निघालेलीच आहे.

तुझी,
ताई