नळीतलं वरण

प्रिय माय,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. होतीस तेव्हा तरी कुठे लिहीत होते? बीडहून धारूरला फोन करायचा, औषध घेतलंस का विचारायचं आणि ठेवून द्यायचा. आज लिहायला बसले, कारण उद्या अकरा वाजता मला तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती तुझ्या आधी दुसऱ्या कुणाला कळावी, हे मला पटत नाही.

सुभद्राकाकू, तुझी धाकटी जाऊ, आयसीयूत आहे. न्यूमोनिया. आज अकरावा दिवस. शुद्धीवर आहे, पण तोंडात श्वासाची नळी, नाकात अन्नाची. बोलता येत नाही, मान तेवढी हलवते. ताप उतरला तरी मशीन सुटत नाही. तिच्या मांड्या बघितल्यास तर ओळखणार नाहीस! डॉक्टर म्हणाले, एवढ्या आजारात शरीर स्वतःचंच मांस जाळतं, आणि श्वास ओढायलाही स्नायू लागतात.

दुधाची पावडर तिला पचत नाही. सोयाबीनचंही पोटात टिकलं नाही. आहार ठरवणारी मुलगी म्हणाली, अंड्याचा पांढरा भाग देऊन बघू. काकूच्या बाळूने तिथल्या तिथे हात झटकले.

"आक्का, आमची माय माळकरी हाय. थोरल्या मायनं अंड्याला न शिवता मरण परतवलं का न्हाई? मग आमच्याच मायला कावून पायजे?"

थोरली माय म्हणजे तू. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पोरी माझ्या सावलीला भ्यायच्या, आणि बाळूपुढे माझं तोंड उघडेना.

माय, तू अंडं खाल्लं होतंस.

तीन वर्षांपूर्वी तू अशीच पडली होतीस तेव्हा. तुलाही दूध बाधत होतं. तेव्हाही हाच उपाय निघाला आणि मी एका मिनिटात हो म्हणाले. नर्सने तुझी तुळशीची माळ उतरवून माझ्या हातात दिली होती. मी मनाशी म्हटलं, लोक माळ काढून ठेवतात आणि मग मटण खातात. तुझी माळ तर माझ्या पर्समध्ये आहे, मग हरकत काय? काय ही पळवाट! नववीच्या मुलीने असलं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

रोज सकाळी अंडी उकडायची, पिवळं काढून टाकायचं, पांढरं डाळीच्या पाण्यात मिक्सरमधून फिरवून दोनदा गाळायचं. वास येऊ नये म्हणून डबा घट्ट लावायचा.

तू बेशुद्ध होतीस तोवरचं मी स्वतःला माफ करू शकते. पण तू डोळे उघडलेस, त्यानंतरही चार दिवस ते चाललं. एकदा नर्स नळीत सोडत असताना तू डब्याकडे बोट केलंस. काय आहे ते?

"वरण हाय, माय," मी म्हणाले.

एरवी तू हसायचीस, पोरगी पुस्तकासारखी बोलते म्हणून. खोटं बोलताना बरी गावची भाषा तोंडात आली! तू मान डोलावलीस आणि डोळे मिटलेस.

घरी आल्यावर डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली तेव्हा कशी फिस्कारलीस! "त्या डाक्टरला म्हनावं, तूच खा." मग मटकी, दाणे, डाळ, ताक, आणि दिवसातून चार वेळा खुर्चीतून उठबस.

"तू पोरगी हायस का हेडमास्तर?"

"हेडमास्तर. ऊठ."

"ह्या बाईला पेन्शनीत काडलं तरी कावून म्हनून?"

अशी हसत हसत तू चालायला लागलीस. आणि मग गावच्या सप्त्यात सगळ्यांपुढे उभी राहून म्हणालीस, "नाकात नळ्या व्हत्या, पर अंडं शिवू दिलं न्हाई. माळेनं तारलं." महाराजांनी नारळ दिला. बायका पाया पडल्या. मी तिसऱ्या रांगेत सतरंजीकडे बघत बसले होते.

तुलाही थोडा दोष आहे. जगलीस, बास होतं. गावभर कशाला सांगायचं? नाही, हे मी अन्यायाने लिहिते आहे. तुला जे खरं वाटलं तेच तू सांगितलंस. खोटं माझं होतं.

तुला अंड्यानेच वाचवलं असंही मी म्हणत नाही. औषधं होती, नर्स होत्या, तुझा हट्ट होता. तुझा विठ्ठलही असेल. पण 'अंड्याशिवाय' हे खरं नाही.

सांगायला बरी वेळ सापडेल म्हणून थांबले. आणि तू गेल्या पौषात अंगणात कपडे वाळत घालता घालता गेलीस.

आता सांगितलं तर लोक म्हणतील, लेकीनेच आईला बाटवलं. माझं जाऊ दे. तुझ्यामागे तुझं तेवढं एक नाव उरलंय, तेही पुसेन. न सांगितलं तर तुझ्या भरवशावर काकू झिजत राहील. कुठल्या दाराने बाहेर पडू?

संध्याकाळी निघताना बाळू जवळ आला. दिवसभरात त्याचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाला, "आक्का, मायला कळूच दिलं न्हाई तं? वरण म्हनून सांगू."

माझेच शब्द गं! मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं. सगळं सोपं झालं होतं. मी नुसती मान हलवायची, काकूच्या नळीत अंडं जाईल, तुझं नावही राहील. मी त्याला म्हणाले, उद्या बोलू.

उद्या अकराला भेटायला सोडतात. आधी बाळूला सांगेन, मग त्याच्यादेखत काकूला: तुझ्या नळीत काय होतं आणि तू विचारलंस तेव्हा मी काय उत्तर दिलं. मग तिला विचारेन. तिने होकार दिला तर तासाभरात डबा आणेन. नकार दिला तर दुसरं काय देता येईल ते त्या आहार ठरवणाऱ्या मुलीला शोधायला लावेन, आणि काकूशी एका शब्दाने वाद घालणार नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, म्हणून वचन तुलाच देते. तिचं 'नको' मी ऐकेन.

तुझी,
शकू