मोराची फाईल

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. वहीत, कारण कॉम्प्युटर आज तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला.

सकाळी वीरभद्रप्पा शेठचा फोन. वीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या कारखान्यासाठी काढलेला मोराचा टॉवेल बाहेरदेशच्या एका पार्टीला पुन्हा हवा आहे. अगदी तसाच. पंधरा मेपर्यंत फाईल द्यायची. शेठ म्हणाले, मास्तर, फाईल तर तुमच्यात हायच की, तेवढी पाठवून द्या. हे वेळेत झालं तर वर्षभराची सगळी डिझाईनं माझ्याकडे. नाही झालं तर एमआयडीसीत तो रेवणसिद्ध म्हणून कोणी नवीन पोरगा आलाय, त्याच्याकडे. मी त्याला पाहिलेलं नाही, पाहायची इच्छाही नाही.

शेठकडची त्या मोराची पंचिंग कार्डं, मागाला लावायचे ते भोकांचे पुठ्ठे, कधीच रद्दीत गेली. म्हणजे मोर जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या कॉम्प्युटरात. काम पाच मिनिटांचं. पण आजारी मशीनवर चांगली फाईल उघडायची नाही, हे माझं तत्त्व. आधी मशीन, मग मोर.

२२ एप्रिल, मंगळवार.
सौ. म्हणते, कोपऱ्यावर बिलालचं दुकान हाय, त्याला बोलवा. बोलावणार नाही. २०१९ साली बिलालने चार लोकांसमोर माझ्या कॉम्प्युटरला 'डबा' म्हटलं होतं. सोलापूरच्या अख्ख्या भवानी पेठेत कॉम्प्युटरवर जेकार्ड मागाचं डिझाईन काढणारा पहिला माणूस मी. मला डबा सांगतो.

उपाय स्वतःच शोधला. 'यंत्रनाडी' नावाचं सॉफ्टवेअर. पुण्याच्या कंपनीचं आहे. मशीनच्या आत काय चाललंय ते सगळं आकड्यांत दाखवतं. महिनाभर ट्रायल. दुपारी उतरवून घेतलं. प्रोसेसरचं तापमान ९६, लाल अक्षरांत. त्याखाली डिस्क हेल्थ ३४ टक्के, पिवळ्या अक्षरांत. ३५ ला पास असतं. एका टक्क्याचा ग्रेस कुणीही देतं. खरा रोग तापमान आहे, हे मी बघताक्षणी ओळखलं.

दर दहा मिनिटांनी टुंग असा आवाज करतं. वैताग आहे.

२४ एप्रिल, गुरुवार.
कंपनीच्या सपोर्टला ईमेल केला. इंग्रजीत, दोन पानं. कॉम्प्युटर घेतल्यापासूनचा सगळा इतिहास दिला. चार मिनिटांत उत्तर आलं, कोणी उत्कर्षा म्हणून आहे. म्हणते, सर, आधी महत्त्वाच्या फाईल्स दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग मशीनचे फोटो पाठवा. चार मिनिटांत माझी दोन पानं वाचून होत नाहीत. ठरीव उत्तर चिकटवलंय. मी तापमानाचं विचारतो, ही फाईल्सचं सांगते.

कॉपी करायचा प्रश्नच नाही. एक तर पेन ड्राइव्ह लावला की व्हायरस येतो. दुसरं म्हणजे, या धंद्यात डिझाईन एकदा घराबाहेर पडलं की आठवड्यात चार कारखान्यांत विणलं जातं. माझं एकही डिझाईन असं गेलेलं नाही. बावीस वर्षं मी माझ्या फाईलची कॉपी कुणाला दिली नाही. स्वतःलासुद्धा नाही.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी ३.
बाहेर ४३, मशीनमध्ये ९७. पंखा माझ्यावरून काढून मशीनकडे फिरवला. सौ. म्हणाली, त्या मशीनचं ऱ्हाऊ द्या, तुमीच तापायला लागलाय. टेक्निकल विषयावर घरात चर्चा करायची नाही, असा आजपासून नियम.

२९ एप्रिल, मंगळवार.
फोटो पाठवले. तासाभरात उत्कर्षाचा फोन. विचारत होती, सर, मशीनवर ते जाड काय दिसतंय. मी समजावून सांगितलं. शेजारी तीन घरं सोडून माग आहेत, सुताचा बारीक कचरा दिवसभर हवेत उडतो, तो आत जाऊ नये म्हणून मशीनला चादर गुंडाळली आहे. आपली सोलापुरी, डबल. दोन्ही बाजूंनी नीट खोचलेली. दहा वर्षांत एकदाही काढलेली नाही.

दहा वर्षं हे तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, सर, काढता का जरा.

काढली. सौ.ने दारात नेऊन झटकली तर समोरच्या वखारीतला माणूस खोकायला लागला. वीस मिनिटांत तापमान ६१. मशीन दिवसभरात एकदाही बंद पडलं नाही. थोडक्यात, रोग मी पहिल्याच दिवशी बरोबर ओळखला होता. पुण्याच्या मुलीने दुजोरा दिला इतकंच.

फोन ठेवताना पुन्हा तेच, डिस्कचं बघा सर, फाईल्स घ्या. चांगली मुलगी आहे, पण एक वाक्य पाठ केलंय.

मोर आज उघडणार होतो. पण मशीन नुकतंच तापातून उठलंय, दोन दिवस विश्रांती दिलेली बरी.

१ मे, गुरुवार.
सुट्टी. दर अर्ध्या तासाला तापमान लिहून आलेखाच्या कागदावर काढलं. ५८, ५९, ५८. सुंदर रेघ येते. डिस्क हेल्थ २७. टुंग टुंग चालूच. सौ. म्हणाली, ते मशीन बोंबलतंय, तर ऐका की जरा. ऐकलं. सेटिंगमध्ये जाऊन आवाज बंद केला. घरात शांतता. सौ.ला वाटलं मी दुरुस्त केलं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

५ मे, सोमवार.
शेठचा फोन. मोर कुटंपर्यंत आला म्हणून विचारलं. काम अंतिम टप्प्यात आहे म्हणालो. शेठ म्हणाले, टप्पा कसला मास्तर, फाईल नुसती पाठवायचीच हाय न्हवं. लोकांना तांत्रिक बाजू कळत नाही. शेठ स्वभावाने चांगले, पण घाई फार.

संध्याकाळी सपोर्टला अकरा सूचना पाठवल्या. लाल रंग दाखवू नये, गिऱ्हाईक घाबरतं. आकडे मराठीत हवेत. तापमानाचा आलेख आपोआप छापून यावा. डिस्क हेल्थ खाली कुठेतरी लहान अक्षरांत चालेल. डिस्क हेल्थ आज २१.

७ मे, बुधवार.
उत्कर्षाचा मेल. माझं प्रकरण तिने सिनियर टीमकडे पाठवलंय. याचा अर्थ स्पष्ट आहे, माझ्या सूचना वरपर्यंत पोचल्या. सोलापूर, पंढरपूर, बार्शी या पट्ट्यात या कंपनीला माणूस नसणार. प्रतिनिधी म्हणून विचारलं तर एकदम होय म्हणायचं नाही. दोन दिवस घ्यायचे.

९ मे, शुक्रवार.
सिनियर टीमचं उत्तर आलं. एकच ओळ. आजच्या आज डेटा कॉपी करा.

मन फार खट्टू झालं. अकरा सूचनांपैकी एकीचाही उल्लेख नाही. वरपासून खालपर्यंत एकच वाक्य पाठ. रागाने त्यांच्या पानावर एक स्टार दिला आणि 'मूळ प्रश्नाला बगल' असं लिहिलं.

१० मे, शनिवार. दुपारी १२.
उत्कर्षाने स्वतःहून फोन केला. आधी वाटलं स्टारसाठी. ती म्हणाली, स्टारचं जाऊ दे सर, तुम्ही एक पेन ड्राइव्ह लावा, मी फोनवर थांबते. आवाज काळजीचा वाटला. त्या मशीनमध्ये एवढं काय आहे, असंही तिने विचारलं. मी मोराची गोष्ट सांगितली. शेठ, पंधरा तारीख, रद्दीत गेलेली कार्डं, सगळं. ती म्हणाली, सर, मग ती एकच फाईल स्वतःला मेल करा, आत्ता, एक मिनिट लागेल.

फाईल फार मोठी आहे, नेट पुरत नाही, असं सांगितलं. फाईल चारशे केबीची आहे. पण शनिवारी मी नवीन कामाला हात लावत नाही, हे पुण्याच्या मुलीला कसं समजावणार. सोमवारी सकाळी दहाला पहिलं काम हेच करतो, असा शब्द दिला. ती बरं म्हणाली. बरं अशा आवाजात म्हणाली की मला उगाच अपराधी वाटलं.

१२ मे, सोमवार. सकाळी १०.
आंघोळ करून, मशीनला उदबत्ती ओवाळून बटण दाबलं. काळा पडदा, वर एक पांढरी ओळ. आतून टक, टक, टक. बंद करून परत चालू केलं. सहा वेळा केलं. तापमान किती ते बघावं म्हटलं, तर यंत्रनाडीसुद्धा त्याच डिस्कवर.

सकाळी ११.३०.
सौ.ने मला न विचारता बिलालला बोलावलं. त्याने मशीनला कान लावला. डबा म्हणाला नाही. म्हणाला, डिस्क गयी मास्तर, हैदराबादला पाठवावं लागतं, दोन महिने धरा, मिळेल न मिळेल. मग चहाही न घेता गेला. पैसेही घेतले नाहीत.

मी खुर्चीत बसून रडलो. सौ. शेजारी उभी होती.

१३ मे, मंगळवार.
कंपनीचा मेल मोबाईलवर. तुमची तक्रार बंद करत आहोत, तुमची अडचण सुटली का? खाली होय आणि नाही. होय दाबलं. तापमानाची सुटली होती. एक स्टार काढून पाच केले. उत्कर्षाने वेगळा मेल करून विचारलंय, सर, मोर पाठवला का. अजून उत्तर दिलेलं नाही.

१४ मे, बुधवार.
सौ.ला आठवलं, मोराच्या टॉवेलचा एक नग आम्ही मंगळवेढ्याला तिच्या बहिणीच्या लग्नात दिला होता. सकाळच्या एसटीने गेलो. बहिणीच्या सासूबाई गोजरबाई त्या टॉवेलात भाकऱ्या गुंडाळून ठेवतात. जेवण झाल्याशिवाय टॉवेल सोडायला तयार नव्हत्या, कारण भाकरी गार हुतीय. जेवलो. टॉवेल हातात देताना म्हणाल्या, लई चिवट हाय बगा, अजून कुटं फाटला न्हाय. त्यावर मोर आहे, हे मी दाखवेपर्यंत त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं कोंबडा.

येताना एसटीत टॉवेल मांडीवर पसरून बसलो. भिंग घेऊन धागे मोजले तर डिझाईन पुन्हा उभं करता येतं. दुसऱ्याची डिझाईनं चोरणारे असंच करतात. पण मोजलेलं बसवायचं कशावर. माझ्याकडे मशीन नाही.

१५ मे, गुरुवार.
टॉवेल घेऊन शेठकडे गेलो. झालेलं सगळं सांगितलं. शेठ रागावतील असं धरून गेलो होतो, त्यासाठी तीन उत्तरं तयार होती. रागावले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, असू द्या मास्तर, दोन दिस थांबा म्हून पार्टीला सांगतो. तुमी टॉवेल घेऊन रेवणसिद्धकडं जावा, त्यो बसवंल. माझ्यासमोरच त्याला फोन लावला, आमचा माणूस टॉवेल घेऊन येतोय म्हणून. फोनवर मास्तर म्हणाले नाहीत. वर्षभराच्या कामाचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही.

१६ मे, शुक्रवार. संध्याकाळी ७.
दिवसभर एमआयडीसीत. रेवणसिद्ध तीसच्या आतला, चष्मेवाला, वागायला नीट. मला काका म्हणतो. त्याला मी शेठच्या कारखान्यातला कुणीतरी वाटलो, मीही तसंच राहू दिलं. टॉवेल टेबलावर ताणून बसवला. मी भिंगातून धागे मोजून सांगायचे, काळे चार, लाल दोन, त्याने लॅपटॉपवर भरायचे. भाकरीच्या घडीवर सूत विरलंय, तिथे मी न बघताच आकडे सांगितले. तो म्हणाला, काका, तुमची नजर लई भारी हाय.

दुपारी चारला मोर उभा राहिला. मग रेवणसिद्ध पायापाशी थांबला. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला, काका, ह्या पायाला तीन बोटं हायत आन् ह्या पायाला चार, मुद्दाम केलंय का चुकलंय? वीस वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. शेठच्याही नाही, टॉवेल वापरणाऱ्या हजारो लोकांच्याही नाही. त्याने विचारलं, डिझाईन कुणाचं हाय हे.

माहीत नाही म्हणालो, फार जुनं आहे.

त्याने एक बोट काढून टाकलं. मोर आता बरोबर दिसतो.